एका ओढीत चालू होणारा जनरेटर

ती. साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (शब्द रीतीप्रमाणे लिहिला आहे. प्रत्यक्षात उजवा खांदा आणि कंबर ही दोन अंगं सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या सहा अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) इकडे सगळे खुशाल असून आपली आणि ताईंची खुशाली कळवत जावी. आपलं पित्त आता कसं आहे? जागरण, तिखट आणि खोटं बोलणं यांनी पित्त खवळतं असं परवाच एका आरोग्यपुस्तिकेची प्रुफं तपासताना वाचलं. (तिसरं कारण पुस्तिकेत नव्हतं, ते मी घातलं.)

आपण मोठ्या प्रेमाने पाठवलेला जनरेटर दीड महिन्यापूर्वी सुखरूप पोचला. टेम्पोवाल्याबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही, कारण उतरवताना यंत्राचा एक पाय त्याच्या अंगठ्यावर आला आणि त्याने आपल्याला उद्देशून जे शब्द वापरले ते मी चौदा वर्षं प्रुफं वाचत असूनही कधी छापलेले पाहिले नाहीत. आपण फोनवर म्हणाला होतात, वस्तू एकहाती आहे आणि एका ओढीत चालू होते. पैकी एकहाती हे अगदी खरं निघालं. दोरी ओढून ओढून मला सध्या एकच हात आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहेच, तरी पत्राला वळण हवं म्हणून थोडं मागचं लिहितो. अप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तुमचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून सासरेबुवा धाकट्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे, तळमजल्यावर आले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी विजेवर फुगणारी हवेची गादी दिली. इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दुरुस्तीनंतरही त्याचं मन काही कामात रमेना. रोज दुपारी तीन-चार तास लाइट जायला लागली. लाइट गेली की अर्ध्या तासात गादी बसते आणि अप्पा चहात पडलेल्या बिस्किटासारखे हळूहळू तळाला जातात. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी एके दिवशी त्यांच्या माकडहाडावरचा लाल डाग मला दाखवला आणि म्हणाल्या, "ही कातडी फाटली ना, की पुन्हा हॉस्पिटल. आणि या वयात हॉस्पिटलमधून माणूस गेला तसाच परत येतो असं नाही." त्या दुपारी मी आपल्याला फोन केला होता. माझा आवाज तेव्हा नीट लागत नव्हता, त्याचा फायदा आपण घेतलात असं मी मुळीच म्हणत नाही. (तुमची मेहुणी म्हणते.)

आता अप्पांचं आणि माझं. आयुष्यभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये राबलेला माणूस तो. लग्न ठरवताना त्यांनी मला विचारलं होतं, "मुद्रितशोधक म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या? आणि त्याचा पगार मिळतो?" त्यानंतर चौदा वर्षांत आमचं संभाषण त्यांच्याकडून 'हं' आणि 'असू दे' या दोन शब्दांवर चाललं होतं. तुम्ही पंप दुरुस्त करणारे, तुमच्याशी ते तासन्‌तास बोलतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. (ही ओळ मी दोनदा खोडली होती. राहू द्या.)

तर पहिला दिवस. यंत्राबरोबर आपण माहितीपुस्तक पाठवलं होतं. ते कुठल्या भाषेतून मराठीत आणलं होतं ते कळायला मार्ग नाही, पण आणताना वाटेत बरंच सांडलं होतं. पहिल्याच पानावर 'सुरू करण्याआधी मशीनला तेलाचे समाधान आहे का ते विचारा' असं वाक्य होतं. मी लाल पेन घेऊन बसलो. बावीस पानांत एकशे नव्वद चुका काढल्या. दुपारी लाइट गेली तेव्हा पुस्तक निर्दोष झालं होतं, पण त्यात काय लिहिलंय याचा मला पत्ता नव्हता. शुद्धलेखन तपासणारा माणूस मजकूर वाचत नसतो, हे आमच्या धंद्याचं गुपित आपल्याला म्हणून सांगतो.

बाहेर पाण्याचे चार थेंब पडत होते, म्हणून मी यंत्र स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत, छपराखाली घेतलं आणि दोरीला हात घातला. आतल्या खोलीतून अप्पांचा आवाज आला. चौदा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. साऱ्या जहाजाला ऐकू जाईल असा. "बाहेर! घराबाहेर न्या ते! खिडकीपासूनसुद्धा लांब!" मी धावत आत गेलो आणि भिजेल म्हणालो. ते म्हणाले, "भिजू दे. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, जावईबापू. आमचा एक फिटर बंद खोलीत असलंच इंजिन लावून जरा टेकला. आम्ही त्याला चहाला उठवायला गेलो, तर तो उठलाच नाही." मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी यंत्र अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीशी नेलं, जुन्या टेबलाचा चार पायांचा मांडव वर घातला आणि लांब वायर ओढली. माझ्या बावीस निर्दोष पानांत हेच तर सहाव्या पानावर होतं. मी त्यातल्या 'धूर' शब्दाचा उकार दीर्घ केला होता.

पुढे दोरी. पहिल्या दहा ओढींपर्यंत मला आपला शब्द आठवत होता. विसाव्या ओढीला कोपर मागच्या कपडे वाळत घालायच्या तारेला लागलं. तिसाव्या ओढीला पलीकडच्या शिवणकाम करणाऱ्या बाई भिंतीवरून डोकावल्या आणि आपुलकीने विचारत्या झाल्या, "व्यायाम का?" सदतिसाव्या ओढीला खिडकीतून अप्पा म्हणाले, "पेट्रोलचा नळ उघडलाय का?" असा काही नळ असतो हे मला तेव्हा कळलं. नळ उघडला, चोक ओढला, तर यंत्र एकदाच खाकरलं, एक पांढरा ढग सोडला आणि पुन्हा गप्प. "वास कसला येतोय?" अप्पांनी विचारलं. मी टाकीत नाक घालून प्रामाणिकपणे सांगितलं, "फर्निचरच्या पॉलिशचा." अप्पा आढ्याकडे बघत हसले. हसले, साडूभाऊ! "तुमच्या साडूने पेट्रोल टाकीतच ठेवून दिलंय. दोन वर्षं तरी झाली असतील. त्याचा डिंक झाला. कार्बोरेटर इकडे आणा."

त्या दुपारी गादी बसलेली होती. मी आणि ही, दोघांनी मिळून दर पंधरा मिनिटांनी अप्पांना कुशीवर वळवायचं आणि मधल्या वेळात ते पोटावर स्टीलचं ताट ठेवून माझ्याकडून कार्बोरेटर सोडवून घ्यायचे, असा कार्यक्रम झाला. आधीचं सडकं पेट्रोल मी कॅनमध्ये काढून घेतलं. जेटच्या, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक नळीच्या, भोकात शिवणबाईंकडून आणलेली तार घालायला गेलो तर अप्पांनी माझ्या हातावर चापट मारली. भोक मोठं होतं म्हणे तारेने, फुंकर मारायची. मी फुंकर मारली आणि डिंकाचा एक तुकडा उडून तुमच्या मेहुणीच्या कपाळाला चिकटला.

मग हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. आत उंदराचं घर होतं, अगदी नीटनेटकं, कागदाच्या कपट्यांनी सजवलेलं. घरमालक नव्हते. कपट्यांवर अक्षरं दिसली आणि माझ्या अंगात धंदा संचारला. मी चिमट्याने ते तुकडे जुळवले. कुठल्याशा दुकानाची पावती होती आणि आपलं नाव स्पष्ट होतं. पुढे 'सदर वस्तू', मग उंदराने खाल्लेली जागा, मग 'गारात घेतली, तक्रार चालणार नाही'. 'गारात'च्या आधीचं अक्षर काय असावं? मी 'शृंगारात' सुचवलं, ते अर्थाला बसेना. 'अंगारात' सुचवलं, ते बरंच जवळ वाटलं. तुमची मेहुणी कपाळ पुसत नुसती म्हणाली, "भं." मी या विषयावर अधिक लिहीत नाही. घरात वापरलेली वस्तू असं आपण म्हणाला होतात. कोणाच्या घरात हे आपण सांगितलं नव्हतं, आणि उंदरालाही घर असतंच.

चौथ्या दिवशी यंत्र चालू झालं. तो आवाज काय वर्णावा! पत्र्याच्या पेटीत चमचे घालून कोणीतरी जिन्यावरून सोडून दिल्यासारखा. पण आतल्या खोलीत गादीने श्वास घेतला, अप्पा इंचाइंचाने वर आले आणि डोळे मिटून म्हणाले, "एक सिलेंडर आहे, पण मनाने बरा आहे." एवढ्यात हिने आनंदाच्या भरात पाणी तापवायची कांडी लावली आणि शिवणबाईंनी भिंतीवरून, आधी ठरल्याप्रमाणे, इस्त्रीची वायर टाकली. यंत्राने एक लांब उसासा सोडला, दिवे पिवळे पडले आणि अप्पा गरजले, "लोड काढा! काय बुडवताय काय!" तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आहे. गादी पहिली, फ्रीज दुसरा, एक पंखा तिसरा. कांडी आणि इस्त्री कायमच्या हद्दपार. शिवणबाईंना फक्त मशीनपुरती वीज मिळते, आणि तीही अप्पांना "परवानगी आहे का?" असं भिंतीवरून विचारल्यावर.

पुढच्या तीन आठवड्यांत मी घरचा जावई न राहता इंजिनरूममधला खलाशी झालो. सकाळी तेल बघायचं. (यंत्र सपाट जमिनीवर, पट्टी पुसून, पुन्हा बुडवून. एकदा न पुसता बघितलं तर मला अर्धा दिवस 'असू दे'वर ठेवलं.) पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून आणि थंड झाल्यावरच. ठरावीक तासांनी तेल बदलायचं, ते तास वहीत लिहायचे. बंद करताना नळ आधी बंद करायचा म्हणजे कार्बोरेटरमध्ये डिंक धरणारं पेट्रोल उरत नाही. लाइट असेल त्या रविवारीही वीस मिनिटं चालवायचं. हिने विचारलं, "अहो अप्पा, लाइट आहे की!" ते म्हणाले, "म्हणूनच. गरज लागेल त्या दिवशी पहिल्यांदा हात लावतो तो मूर्ख." ही माझ्याकडे बघून हसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. यंत्राच्या माहितीपुस्तकाचा मजकूर अप्पांनी तोंडी सांगितला तसा मी नव्याने लिहून काढला, तेव्हा त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं काम काही अगदीच फुकट नाही." (तारीख मी वहीत टिपून ठेवली आहे.)

आता दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारची गोष्ट. ही कामावर गेलेली, घरात मी आणि अप्पा. सिस्टर सकाळीच सांगून गेल्या होत्या की डाग फिकट होतोय, पण आणखी आठवडाभर गादी एक तासही बसता कामा नये, आणि अप्पांनी वॉकर धरून उभं राहायला हवं. उभं राहायचं नाव काढलं की अप्पा भिंतीकडे तोंड करतात. ऑपरेशनपासून एकदाही उभे राहिले नव्हते. सिस्टरनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, हिने रडून पाहिलं. पडण्याची भीती त्यांना वाटत होती, आणि भीती वाटते हे सांगण्याची त्याहून जास्त.

दुपारी लाइट गेली. मी सराईतपणे अंगणात गेलो, नळ उघडला, चोक ओढला, दोरी ओढली आणि दोरी हातात आली. मुठीसकट संपूर्ण. मी मागच्या मागे तारेवरच्या चादरीत जाऊन पडलो. खांदा आणि कंबर रजेवर गेली ती तेव्हापासून. चादरीतून बाहेर येईपर्यंत अप्पांनी आवाजावरून सगळं ओळखलं होतं. "झाकणाचे तीन बोल्ट काढा! आत चाक आहे, त्याच्या खाचेत दोरीची गाठ अडकवा आणि गुंडाळून ओढा!" मी पाना घेऊन बसलो. बोल्ट निघेनात. पंधरा मिनिटं गेली. आतून गादीचा हवा सोडण्याचा आवाज मला अंगणात ऐकू येत होता, किंवा यावासा वाटत होता. घामाने पाना निसटत होता. हाक मारावी तर शिवणबाई माप घ्यायला बाहेर गेलेल्या. शेवटी झाकण निघालं, कपड्यांच्या तारेला जोडलेली नायलॉनची दोरी कापली, गाठ मारली, गुंडाळली, ओढली. काही नाही. पुन्हा गुंडाळली. नुसतं फुस्स. "कसं गुंडाळताय?" अप्पांनी विचारलं. मी म्हटलं, "व्यवस्थित!" "कुठल्या बाजूने?" "उजव्या!" "कोणाच्या उजव्या?" मी पुन्हा गुंडाळायला लागलो आणि माझ्या डोक्यावर आवाज आला, "उलटं! अहो, उलटं गुंडाळताय! सरका!"

सरकलो. एक सुरकुतलेला हात पुढे आला, त्याने दोरी सोडवली आणि उलट दिशेने तीन वेढे दिले. "आता ओढा. एकदाच. मनापासून." मी ओढली. यंत्र धडधडलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, त्यांनी चोक आत ढकलला, एक्झॉस्टला हात लावायच्या बेतात असलेल्या मला मागे खेचलं आणि म्हणाले, "बघा, कसा बोलतोय." एवढ्यात फाटकातून भाजीची पिशवी खाली पडल्याचा आवाज आला. ही लवकर परतली होती. तिने नुसतं बोट केलं. मी बोटाच्या दिशेने पाहिलं. साडूभाऊ, अप्पा उभे होते. पायजमा आणि बनियनवर, वॉकर धरून, खाटेपासून मोजून चौतीस पावलं लांब, अंगणाच्या टोकाला. त्यांनीही खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मग वॉकर एका बाजूला कलायला लागला. मी त्यांना कमरेला धरलं, त्यांनी माझ्या दुखऱ्या खांद्यावर भार टाकला, आणि मी ओरडलो नाही. "सांगू नका सिस्टरना," ते कानात म्हणाले, "शेफारतील."

आता ते रोज चालतात. डाग गेला. गादी कालच परत पाठवली, ट्रान्सफॉर्मरही नवीन बसला. थोडक्यात, यंत्राचं इथलं काम संपलं. आपण पहिल्या तारखेला अप्पांना न्यायला येणार असल्याचं ताईंनी कळवलंच आहे. तेव्हा येताना टेम्पो घेऊन यावं आणि जनरेटरही परत घेऊन जावा. त्याने माझा खांदा, तारेची दोरी आणि हिचं आपल्याविषयीचं मत कायमचं बिघडवलं आहे. अप्पा आणि यंत्र दोन्ही एका खेपेत जातील. ताईंना नमस्कार, आपण प्रकृतीला जपावं, ही विनंती.

आपला,
एकहाती साडू

ता. क. – पत्र सवयीप्रमाणे पुन्हा वाचलं. शेवटच्या परिच्छेदात एक मोठी चूक राहिली आहे. तो परिच्छेद संपूर्ण खोडलेला समजावा. ना टेम्पो आणावा, ना आपण यावं. अप्पांना आणखी थोडे दिवस (वर्षभर म्हणा) इथेच राहू द्यावं. ते स्वतः कधी 'राहतो' म्हणणार नाहीत, थोरल्या जावयाकडे जायचा शब्द दिलाय म्हणतात. म्हणून आपणच काहीतरी सबब कळवावी. उदाहरणार्थ, आपल्या इमारतीचा जिना दुरुस्तीला काढलाय, अनिश्चित काळ. चौथा मजला आहे, कोणालाही पटेल. थापा मारण्याचा आपला हात किती बसलेला आहे हे मी फिल्टर उघडून पाहिलं आहे, त्यामुळे काळजी वाटत नाही. त्या बदल्यात यंत्राबद्दल मी ताईंकडे कधीही अवाक्षर काढणार नाही.

ता. क. २ – अप्पांना यातलं काही कळता कामा नये.

ता. क. ३ – हे मी लिहितोय, अप्पा. धाकटे जावई तेल बघायला अंगणात गेलेत आणि पाकीट उघडं होतं. घरात रंगकाम काढलंय, वासाचा त्रास होईल, तूर्त येऊ नका, असं मला कळवा म्हणून मी गेल्या आठवड्यात तुम्हाला कार्ड टाकलं होतं. ते मिळालं असेलच. आता जिना आणि रंग अशा दोन सबबी एकदम देऊ नका, पकडले जाल. माझी वापरा.